लोकरीला विसावा हवा

३ नोव्हेंबर १९५९, मंगळवार

आजपासून रोजनिशी. रिटायर झालेल्या माणसाचे विचार कुठेतरी नोंदले गेले पाहिजेत. तारा ऐकत नाही.

जूनमध्ये शाळा सुटली. आयुष्यभर गणित शिकवले. निरोपाच्या दिवशी सगळे शिक्षक म्हणाले, उद्धव मास्तर, आम्ही येत जाऊ. दिवाळी झाली. कोणी आले नाही. करंज्या मऊ पडल्या. विश्वासघात हा शब्द मी सहसा वापरत नाही.

डॉक्टर ओमप्रकाश आज म्हणाले, ब्लडप्रेशर वाढले आहे. तंबाखू बंद, चिडणे बंद, हातांना काहीतरी काम द्या. मी म्हणालो, काम आहे, मी घराकडे लक्ष देतो. यावर ताराने डॉक्टरांकडे पाहिले आणि डॉक्टरांनी ताराकडे. हे पाहणे मला आवडले नाही.

घराकडे लक्ष म्हणजे काय, ते नोंदवतो. काल खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन फोडणीचे निरीक्षण केले. मोहरी पुरती तडतडण्याआधीच ती हळद टाकते. तसे सांगितले. तिने पळी खाली ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. भाजी करपली. म्हणजे स्वयंपाकात चुका होतात, हा माझा मुद्दा सिद्धच झाला.

५ नोव्हेंबर, गुरुवार

तंबाखू सोडली. कायमची.

संध्याकाळी खुशालरावांबरोबर फिरायला. खुशालराव बडनेऱ्याला रेल्वेत होते, आता माझ्यासारखेच घरी. माझे एकमेव मित्र. मी सोडली म्हटल्यावर त्यांनीही सोडायला हवी होती. त्यांनी माझ्यादेखत चुना मळला आणि हात पुढे केला. थोडी घेतली. मित्राचे मन मोडू नये.

उद्यापासून कायमची.

९ नोव्हेंबर, सोमवार

ताराने आज माझ्या हातात दोन सुया आणि राखाडी लोकरीचा गुंडा दिला. म्हणाली, करून तर पाहा.

समोरच्या घरी चारुशीलाबाई राहतात. वकिलांच्या मंडळी. त्यांच्या ओसरीवर दर गुरुवारी पाच-सहा बायका विणायला बसतात, एकमेकींना युक्त्या सांगतात. याला त्या भगिनी विणकाम मंडळ म्हणतात. तारा नेमाने जाते. सुया तिथल्याच.

मी आधी हसलो. पुरुषाने विणायचे? पण विचार केला तर हा सगळा त्रैराशिकाचा विषय आहे. एवढ्या इंचाला इतके टाके, तर तेवढ्या इंचाला किती? बायका हे गणिताशिवाय करतात, म्हणून त्यांना युक्त्या लागतात.

ताराने सुलट टाका दाखवला, उलट टाका दाखवला. तासाभरात विषय संपला.

संकल्प: महिनाभरात या क्षेत्रात शिस्त आणणे. पहिला प्रकल्प, मफलर.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

मोठा शोध लागला आहे. सविस्तर लिहितो.

मफलर नीट चालला होता. फक्त रुंद होत होता. मी टाके वाढवत नाही, ते वाढतात. शिवाय मधे एक टाका गळाला आणि खाली जात राहिला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. वर्गातल्या उनाड मुलाकडे लक्ष दिले की तो आणखी बिघडतो, तसेच हे. पण मफलर काही सुधारेना. शेवटी वैतागून जेवणाआधी तो पत्र्याच्या पेटीत टाकला, झाकण आपटले आणि जेवून झोपलो.

चहाच्या वेळी पेटी उघडली. मफलर सरळ! कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या. गळलेला टाका परत जागेवर.

ताराला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, अरे वा. एवढेच. शास्त्रीय वृत्ती तिच्यात नाही.

मी बसून विचार केला. लोकर ही प्राणिज वस्तू. मेंढीच्या अंगावर असताना ती मेंढीबरोबर उठत-बसत होती. तिला विसावा हवा. अंधारात, पेटीत, दुपारच्या वेळी विसावा मिळाला की ताणलेले टाके सैल होतात, सैल टाके आवळतात, आणि सगळे आपापल्या जागी जातात. माणसाचे जेवणानंतर होते तेच.

याला मी विसावा-थिअरी असे नाव दिले आहे.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

थिअरी रोज खरी ठरते आहे. सकाळी विणतो, जेवणाआधी पेटीत ठेवतो, झोपतो, उठतो, उघडतो. रोज सरळ. पेटीत कडुनिंबाचा पाला घातला. आणखी सरळ.

आज तर कमाल झाली. मी सोडला होता त्यापेक्षा मफलर चार बोटे लांब निघाला. म्हणजे विसाव्यात लोकर वाढतेही. यावर अजून कोणाशी बोलणार नाही. कल्पना पळवतात लोक.

ताराचे डोळे लाल दिसतात. दुपारी झोपत नाही म्हणाली. मी म्हणालो, तुला काही छंद नाही, म्हणून झोप येत नाही. तिच्या बोटाला सुई टोचल्याची खूण आहे. विचारले तर म्हणाली, भाजी निवडताना लागली. भाजीत सुई? पार्बताबाई कसली भाजी देते कोण जाणे. उद्या तिला जाब विचारला पाहिजे.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

मंडळात गेलो. मफलर गळ्यात.

सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. पदर तोंडाला लावला सगळ्यांनी. अजूनही आपल्याकडे शिक्षकाबद्दल आदर आहे.

त्यांच्या युक्त्या ऐकल्या. एक म्हणाली, टाका गळला तर लगेच केसातल्या आकड्याने उचलून घ्यावा. दुसरी म्हणाली, नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडावा, मधे जोडला तर उठून दिसतो. चारुशीलाबाई म्हणाल्या, धुतलेला स्वेटर दोरीवर टांगू नये, चादरीवर पसरून वाळवावा, नाहीतर लोंबतो. सगळे किरकोळ. मूळ तत्त्वाला कोणी हातच घातला नव्हता.

मग मी थिअरी सांगितली. पेटी, काळोख, कडुनिंब, दुपार. शेवटी चारुशीलाबाई म्हणाल्या, 'मास्तर, पुन्हा एकदा सांगा न.' मी पुन्हा सांगितली. दोघी-तिघींना ठसका लागला. तारा खाली मान घालून बसली होती. नवऱ्याचा मान झालेला बघून ती संकोचते.

मला मंडळाचा सल्लागार नेमण्यात आले. एकमताने.

१० डिसेंबर, गुरुवार

स्वेटर सुरू. राखाडी, बिनबाह्यांचा, स्वतःसाठी. पाठीचा भाग झाला. गळ्याचे गणित अवघड आहे, पण गळा विसाव्यात आपोआप उतरला.

तंबाखू: अजून सुटायची आहे. दोष खुशालरावांचा.

स्वयंपाकघरात जायला वेळ मिळत नाही. त्यामुळे तिकडे काय गोंधळ चालला असेल त्याची कल्पना नाही. वरण मात्र चांगले होते आहे.

२० डिसेंबर, रविवार

स्वेटर घालून फिरायला गेलो. खुशालरावांनी हात लावून पाहिला. म्हणाले, 'मास्तर, वहिनींच्या हाताले तोड नाही.' मी म्हणालो, वहिनींच्या नाही, माझ्या. ते म्हणाले, हो हो, तुमच्याच. आणि खोकले. वय झाले त्यांचे.

१ जानेवारी १९६०, शुक्रवार

नवीन वर्षाचा संकल्प. एक, तंबाखू कायमची बंद. दोन, विसावा-थिअरी अमरावतीबाहेर नेणे.

चारुशीलाबाई घरी आल्या होत्या. संक्रांतीचे हळदीकुंकू मंडळाचे मिळून त्यांच्याकडे आहे. त्या वेळी मी भाषण द्यावे आणि डेमॉन्स्ट्रेशन करावे, असे त्यांनी सुचवले. हळदीकुंकवाला पुरुष वक्ता! तारा म्हणाली, कशाला उगाच. मी तिच्याकडे नीट पाहिले. हेवा. इतक्या वर्षांनी आपल्याच माणसाचा हेवा.

चारुशीलाबाई तिला म्हणाल्या, तू बस न मास्तरांच्या बाजूला, काही बिघडत नाही. दोघी हसल्या.

६ जानेवारी, बुधवार

तारा अकोल्याला गेली. आमची अनुपमा तिथे असते. दुसरे बाळंतपण, आणि तिच्या सासूबाईंचा पाय मुरगळला. जावई रविकांतरावांचा निरोप आला आणि ही दुपारच्या गाडीने बडनेऱ्याहून निघालीसुद्धा. संक्रांतीला माझे भाषण आहे, हे मी आठवण करून दिले. ती म्हणाली, 'तब्येत बरी नाही म्हणून सांगा अन् बसू नका तिथं. माझं ऐका.' गाडी सुटेपर्यंत हेच सांगत होती.

भाषणाच्या आठ दिवस आधी बायको सोडून जाते, आणि वर भाषण करू नका म्हणते. काय म्हणावे याला?

आज बाळासाठी पांढरा स्वेटर विणायला घेतला. छोटा आहे. बारशापर्यंत सहज होईल.

८ जानेवारी, शुक्रवार

पेटी उघडली. स्वेटर तसाच. म्हणजे सकाळी होता तसा. एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद, मधे दोन भोके.

पाला शिळा असणार. नवा घातला.

९ जानेवारी, शनिवार

नवा पाला. तसाच.

पेटी दक्षिणेला होती, उत्तरेला सरकवली. सरकवताना कंबरेत उसण भरली. स्वेटर तसाच. भोके तीन.

११ जानेवारी, सोमवार

कारण सापडले. लोकर. ताराने जाताना काढून दिलेली ही पांढरी लोकर दुसऱ्या दुकानची आहे, असा माझा संशय आहे. राखाडी लोकर प्रामाणिक होती. ही पांढरी विसाव्यात नुसती पडून राहते.

मी दुपारी जास्त वेळ झोपून पाहिले. संध्याकाळपर्यंत झोपलो. डोके दुखले, स्वेटर सुधारला नाही.

जेवण स्वतः करतो आहे. मोहरी पुरती तडतडू दिली. जळाली.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

थोडक्यात लिहितो. विस्ताराने लिहिण्यासारखे काही नाही.

खुशालरावांनी आणि मी पेटी समोरच्या घरी नेली. ओसरी भरलेली. मंडळाच्या बायका होत्या, त्यांच्या ओळखीच्या होत्या, राजापेठेतून दोघी खास आल्या होत्या. भाषण उत्तम झाले. मेंढीच्या स्वभावावर बोललो.

मग डेमॉन्स्ट्रेशन. टाके घातले. पहिली ओळ इतकी घट्ट की सुई शिरेना, आणि शिरली ती बाहेर येईना. पुढच्या ओळीत टाके कमी भरले. ते कुठे गेले हे मला सांगता येणार नाही. इतक्या जणींच्या श्वासाने लोकर दमट झाली होती. मी तुकडा सर्वांसमक्ष पेटीत ठेवला, झाकण लावले, आणि म्हणालो, आता विसावा.

हळदीकुंकू झाले. तिळगूळ झाला. मग मी झाकण उघडले आणि तुकडा वर धरला.

तुकडा तसाच होता. त्यातून राजापेठेच्या बाईंचा चेहरा दिसत होता.

आधी एक हसली. मग सगळ्या. एकीच्या हातातली हलव्याची वाटी सांडली. फक्त चारुशीलाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'तारा असती तर...' आणि थांबल्या. मी विचारले, तारा असती तर काय? त्या म्हणाल्या, तर तिलाही बघायला मिळालं असतं.

पेटी परत आणताना रिकामी असून जड लागली.

१६ जानेवारी, शनिवार

पार्बताबाई भाजी घेऊन आली. तिच्या मळ्यातली वांगी. मी ओट्यावर बसून बाळाचा स्वेटर सरळ करत होतो, हाताने ओढून. तिने टोपली उतरवली, थोडा वेळ पाहिले, आणि विचारले,

'बाई नाई, त आता तुमचं विनकाम कोन करते?'

मी म्हणालो, मीच करतो.

'थे सकाळचं. दुपारचं म्हनून राह्यली मी.'

दुपारचे काय, म्हटले.

'मायबाई! तुमी घोरून राह्यता तवा बाई पेटी नाई उघडत का? सारं उसवते, अन् पुन्हा विनते. म्या किती डाव पाह्यलं. एक डाव त मी वांगे घेऊन उभी, बाई म्हने, थांब व पार्बता, एवढी ओळ होऊ दे, मास्तर उठतीन.'

माझ्या तोंडून निघाले, 'काहून?' आयुष्यभर वर्गात मुलांना शुद्ध बोला, 'का' म्हणा म्हणून सांगितले, आणि माझ्याच तोंडून हे निघाले.

पार्बताबाई म्हणाली, 'मले काय मालूम. मले वाटलं तुमाले ठाव असन.' मग माझ्याकडे बघून तिने दोन वांगी जास्तीची टाकली. मी ती परत केली. मग घेतली.

वांग्यांची भाजी केली नाही. काहीच केले नाही. पेटीवर बसून राहिलो.

१७ जानेवारी, रविवार

खुशालरावांना विचारले. सरळ. तुम्हाला माहीत होते?

त्यांनी चुना मळायला घेतला. मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, 'मास्तर, साऱ्या गल्लीले माहीत होतं. वहिनी म्हणाल्या, सांगू नका, त्यांची तब्येत सुधारून राहिली. आता मी काय करू?'

मी म्हणालो, मित्राने मित्राला सांगितले पाहिजे. ते म्हणाले, 'तुम्ही लय खूश होते, मास्तर.'

एकटा घरी आलो. म्हणजे मंडळातला तो ठसका. एकमताने सल्लागार. पुन्हा एकदा सांगा न. मी दोनदा सांगितली! मेंढी उठते-बसते हे दोनदा सांगितले.

शाळेतले आले नाहीत, ते परके होते. हे माझ्या घरात झाले. मी आत झोपलेलो असताना, मधे एक भिंत. त्या मफलरमध्ये माझा एकही टाका नाही. राखाडी स्वेटर आत्ता अंगात आहे. काढून ठेवला. थंडी फार आहे. घातला.

२० जानेवारी, बुधवार

अकोल्याहून तार. अनुपमाला मुलगी झाली, दोघी खुशाल.

जाणार आहे. बाळासाठी नाही. म्हणजे बाळासाठीही. पण मुख्यतः ताराला जाब विचारायला. काय बोलायचे ते पाठ केले आहे. सुरुवात अशी: तारा, ज्या माणसाने तुझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला.

डोळे मिटून हे वगळावे. त्याचा भलताच अर्थ होतो.

२२ जानेवारी, शुक्रवार. अकोला

मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने आलो. पिशवीत बाळाचा पांढरा स्वेटर होता. का आणला माहीत नाही. पुरावा म्हणून असेल.

रविकांतरावांनी स्टेशनवरून आणले. अनुपमा पलंगावर, बाळ शेजारी. बाळाच्या अंगात पिवळा स्वेटर, दुकानातून आणलेला. चांगला बसला होता. मी पिशवी उघडली नाही.

तारा कुठे आहे विचारले. अनुपमा म्हणाली, 'हळू बोला बाबा, आई झोपली आहे.' दुपार होती. मागच्या खोलीत डोकावलो. तारा जमिनीवर चटई टाकून झोपली होती. तोंड थोडे उघडे. मी तिला दुपारी झोपलेली कधी पाहिल्याचे आठवत नाही. दुपारी मीच झोपलेला असतो.

उठवायला आलो होतो. उठवले नाही. पाठ केलेले विसरायला झाले.

उठल्यावर तिने माझ्याकडे पाहिले आणि ओळखले. म्हणाली, पार्बताने सांगितलं का?

मी म्हणालो, उसवत होतीस?

'हो. उसवत होती.'

रोज?

'रोज. तुमचं पूर्ण उसवल्याशिवाय पुढचं बसतच नव्हतं.'

मी म्हणालो, तू मला सगळ्यांपुढे उघडे पाडलेस. ती म्हणाली, 'मी तर झाकून राहिली होती. भाषणाले जाऊ नका म्हणून गाडी सुटेपर्यंत सांगितलं.'

मी विचारले, पण का? मग ती बोलली. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण एका दमात इतके बोलताना मी तिला ऐकले नव्हते. म्हणाली, 'तुम्ही खुर्ची घेऊन चुलीपाशी बसत होते. मोहरी, हळद, पळी कोणत्या हातात. मले माझ्याच घरात श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, यांना चिडू देऊ नका. सुया हातात दिल्या तर तुम्ही सकाळभर गप बसले. मले वाटलं, दुपारची झोप गेली तर गेली, सकाळ तर मिळाली. पहिल्या दिवशी मफलर नुसता नीट करून ठेवला, तुम्ही नाराज होऊ नये म्हणून. तुम्ही त्याची थिअरी केली. मग मी कशी थांबू?'

मी म्हणालो, मला सांगायचे होते.

'सांगितलं असतं तर तुम्ही खुर्ची घेऊन परत आले असते.'

मी तिची चटई गुंडाळायला घेतली. वाकडी गुंडाळली गेली.

शेवटी मी म्हणालो, निदान तुझा हात चांगला आहे. तुझी आवड तरी जपली गेली. यावर तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे ती डॉक्टरांकडे पाहते.

'मले विणकाम बिलकुल आवडत नाही,' ती म्हणाली. 'मामीनं लहानपणी बळजबरीनं शिकवलं. तेव्हापासून नाही आवडत. गुरुवारी मी गप्पा माराले जाते.'

३० जानेवारी, शनिवार. अकोला

बारसे झाले. नाव मैना ठेवले.

रविकांतरावांनी राहायचा आग्रह केला, म्हणून राहिलो. ताराशी बोलत नाही. तिच्या हे लक्षात आलेले दिसत नाही. ती रोज दुपारी झोपते.

विचार करतो आहे. बायकोला काय आवडत नाही, हे नवऱ्याला माहीत नसणे ही गंभीर गोष्ट आहे. दोष तिचा. तिने कधी सांगितले नाही. मी कधी विचारले नाही, पण तो वेगळा मुद्दा.

काल अनुपमा म्हणाली, 'बाबा, तुमच्या पिशवीत पांढरं काय आहे?' मी म्हणालो, फडके.

१ फेब्रुवारी, सोमवार. अमरावती

एकटाच परत आलो. तारा पंधरवड्याने येणार.

बाळाचा स्वेटर काढून समोर ठेवला आणि उसवायला घेतला. एक टोक ओढले. सरसर सुटला. कुठे अडकला नाही, तुटला नाही. एका बैठकीत सगळा. इतके सफाईदार काम माझ्या हातून आजवर झाले नव्हते. ओसरीवरून चारुशीलाबाईंनी पाहिले असावे. मी त्यांच्याशी बोलत नाही. त्यांनी हात केला. मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे बोलणे नव्हे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

चारुशीलाबाई स्वतः आल्या. माफी मागायला, असे मी गृहीत धरले. म्हणाल्या, 'मास्तर, झालं ते झालं. मंडळाने जुने स्वेटर जमवले आहेत. गरजू मुलांसाठी उसवून पुन्हा विणायचे. विणणाऱ्या आहेत, उसवायला कोणी बसत नाही. तुमचा हात त्यात चांगला आहे.'

मी सांगितले की माझा विश्वासघात झालेला आहे. त्या म्हणाल्या, हो, झाला आहे. कधी येता?

एवढ्या सरळ कोणी कबूल केले नव्हते. विचार करून कळवतो म्हणालो. त्या ओटा उतरण्याआधी कळवले.

पदाचे नाव ठरलेले नाही. मी उसवण-विभागप्रमुख असे सुचवणार आहे.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

तारा मंगळवारी आली. आज आम्ही दोघे मंडळात गेलो. एकत्र नाही. ती पुढे, मी मागे.

माझ्याकडे एक लाल स्वेटर दिला, कोणाच्या तरी मुलीचा. तो उसवला. मग लोकरीची लडी करायची म्हणून चारुशीलाबाईंनी माझे दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि त्यांवर लोकर गुंडाळत गेल्या. हात बांधलेले. मधेच नाकाला खाज सुटली. विभागप्रमुखाची ही अवस्था.

बायकांच्या युक्त्या चालू होत्या. कोणी माझे मत विचारले नाही. मी एक-दोनदा घसा खाकरला. एकीने पाणी आणून दिले. हात बांधलेले असल्यामुळे पिता आले नाही.

तारा भिंतीला टेकून बसली होती. हातात सुया नाहीत, लोकर नाही, काही नाही. चहा पीत होती आणि मैनाचे नाक कोणावर गेले ते सांगत होती. नुसती बसली होती. इतकी छान बसलेली मी तिला पाहिली नव्हती.

मग लाल लोकरीत गाठ पडली. मी हात हलवले म्हणून पडली, असे चारुशीलाबाईंचे म्हणणे. मला ते मान्य नाही. गाठ मोठी होती. सगळ्यांनी ताराकडे पाहिले. मीही पाहिले.

ताराने कप खाली ठेवला. मला वाटले, उठते आहे. तिने बशीतला बिस्किटाचा तुकडा घेतला आणि पुढे सांगू लागली.

गाठ घेऊन घरी आलो. सोडवतो आहे. अजून सुटलेली नाही.